सहा जिंकले, सहा हरले

मराठी मंडळाचा क्रीडादिन आटोपला की आसावरी आणि तिचा नवरा चारुदत्त यांनी श्रीपादच्या घरी जेवायचं, रात्री तिथेच राहायचं आणि शनिवारची रजा टाकून सावकाश यान्बूला परतायचं, हा आठ वर्षांचा शिरस्ता होता. यान्बू ते दम्माम म्हणजे देश आडवा पार करायचा, तांबड्या समुद्राकडून थेट आखातापर्यंत. पण आसावरीचं म्हणणं असं, की यान्बूत मराठी माणसं मोजून अकरा, त्यांतली चार एकमेकांशी बोलत नाहीत, मग संगीत खुर्ची खेळायची तरी कुणाशी? शिवाय श्रीपाद तिचा सख्खा मोठा भाऊ. वर्षातून एकदा समोरासमोर बसून त्याच्याशी भांडल्याशिवाय तिला करमत नसे.

दोन हजार सहाच्या डिसेंबरातल्या त्या शुक्रवारी भांडणाला विषय आयताच तयार होता.

श्रीपादची बायको वीणा स्वयंपाकघरात थालीपिठं लावत होती. तिथून बैठकीतलं सगळं ऐकू येत होतं. बैठकीच्या मधोमध उरलेल्या बक्षिसांचं खोकं होतं. मंडळाच्या बक्षीस समितीवर वीणा गेली सात वर्षं होती, आणि धावलेल्या प्रत्येक मुलाला स्टीलचा डबा मिळालाच पाहिजे, हा तिचाच नियम. श्रीपाद दरवर्षी त्यावर कुरकुरायचा. यंदा त्याला घरातूनच पाठिंबा मिळाला होता. चौदा वर्षांची सानिका शंभर मीटरमध्ये चौथी आली होती आणि तिने तो डबा खोक्यात परत टाकला होता.

"आय केम फोर्थ, आई. चार जणीच होतो आम्ही," ती म्हणाली होती. एवढ्यावर वीणा तरी काय बोलणार!

"हेच म्हणतोय मी," बैठकीत श्रीपाद बोलत होता. "या पोरीला कळतं ते हिच्या भावाला कळत नाही. सहा जिंकले, सहा हरले. बारा सामन्यांतले सहा! आपल्याकडे पन्नास टक्क्यांना पेढे वाटत नाहीत."

"पण झालंय काय? मला नीट सांगणार आहेस का?" आसावरीने विचारलं.

मग श्रीपादने सांगितलं. त्याला कुठलीही गोष्ट नीट सांगायला आवडायची. तेलविहिरींना सामान पुरवणाऱ्या कंपनीत तो प्लॅनिंग मॅनेजर होता, आणि घरातसुद्धा एखादी गोष्ट क्रमवार सांगितल्याशिवाय त्याला घास गिळत नसे. तर, सानिकाचा मोठा भाऊ राजस अमेरिकेत ज्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला होता, तिथे फुटबॉलची टीम होती. फुटबॉल म्हणजे त्यांचा, हेल्मेट घालून एकमेकांवर आदळायचा. राजस खेळत नव्हता. तो टीमच्या बँडमध्ये सुझाफोन वाजवायचा, म्हणजे ते अंगाला गुंडाळून खांद्यावर तोलायचं पितळी धूड. कॉलेजांचा हंगाम नोव्हेंबरात संपतो. त्यानंतर डिसेंबरात आणि जानेवारीच्या सुरुवातीला निमंत्रणाचे सामने होतात, त्यांना बाउल म्हणतात. दोन टीमना बोलवायचं, एक सामना खेळवायचा, जिंकेल त्याला चषक द्यायचा, की सगळे आपापल्या घरी.

"बाउल म्हणजे वाटी ना?" आसावरी म्हणाली.

"वाटीच. आणि वाटीत काय, तर उत्तेजनार्थ बक्षीस! अगं, मी इथे आलो, तेव्हापासून आमचे अमेरिकन साहेब या सामन्यांची यादी पँट्रीत भिंतीवर चिकटवतात. दहा वर्षांपूर्वी अठरा होते. यंदा बत्तीस आहेत. माझ्या डोळ्यांदेखत अठराचे बत्तीस झाले. चौसष्ट टीम! एकूण टीम एकशे एकोणीस. अर्ध्याहून जास्त लोकांना बोलावतात, म्हणजे तो मान कसला? हॉटेलवाल्यांची आणि टीव्हीवाल्यांची सोय. याच्या सामन्याला तर गाद्या बनवणाऱ्या कंपनीचं नाव आहे. गादीचषक!"

"आणि त्या गादीपायी तो इथे येत नाहीये?"

"सामना अठ्ठावीसला आहे. त्याचं तिकीट आहे विसाचं. बावीसला तो इथे पोहोचायला हवा. काल फोन करून म्हणाला, जाऊ का बँडबरोबर? आज सात वाजता फोन करणार आहे, उत्तर घ्यायला."

"उत्तर कसलं घ्यायचंय त्यात? ये म्हणावं मुकाट्याने," आसावरी म्हणाली. "आम्ही ईदला परत यायचं ठरवलंय ते त्याच्यासाठीच ना? जुलैपासून पोरगं दिसलं नाहीये."

वीणाने तव्यावरचं थालीपीठ उलटलं. नणंदेचं बोलणं तिला एरवी सहसा पटायचं नाही. आज प्रत्येक शब्द पटत होता, आणि तेच तिला आवडत नव्हतं.

काल राजसने तिलाही सगळं सांगितलं होतं. एक्केचाळीस वर्षांत त्यांच्या कॉलेजला कुणी असं बोलावलं नव्हतं. चार वर्षं ही मुलं हरणाऱ्या टीमसाठी वाजवत होती. रिकाम्या स्टेडियममध्ये, बर्फात, ओठ पितळेला चिकटेपर्यंत. आता चौदा बस भरून अख्खं गाव टेक्ससला निघालं होतं. "आई, आमच्या गावातल्या न्हाव्याने दुकानाला सुट्टी लावलीय," तो म्हणाला होता. आणि मग, "तू सांग. तू ये म्हणालीस तर मी येतो. नो ड्रामा." बाबांना विचार असं तो म्हणाला नव्हता. निवाडा आईवर सोपवून मोकळा झाला होता.

तिला तो यायला हवा होता. एवढं साधं होतं ते. सरकारी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये ती एकोणीस वर्षं होती, आणि दर ईदला तिथल्याच खतीजाच्या वाटची ड्यूटी ती स्वतःच्या अंगावर घेत आली होती. या वर्षी पहिल्यांदाच तिने खतीजाला सांगितलं, बावीसपासून मला दोन आठवडे मोकळे दे. खतीजाने ईदचे दिवस कुण्या फिलिपिनो मुलीकडून मागून घेतले, बाकीचे स्वतः भरून काढले आणि वर म्हणाली, लडका आ रहा है, खलास, और कुछ मत बोल. एवढी सगळी जुळवाजुळव गादीचषकासाठी मोडायची?

थालीपिठांचं ताट घेऊन ती बाहेर आली, तेव्हा चारुदत्त बोलायला तोंड उघडत होता. चारुदत्त यान्बूच्या रिफायनरीत इन्स्ट्रुमेंट इंजिनियर होता आणि बायकोच्या माहेरी कमीत कमी बोलायचं, हे धोरण त्याने वीस वर्षं सांभाळलं होतं.

"श्रीपादराव, एक विचारू? तो सामना झाला नाही, तर कुणाचं काय बिघडतं?"

"कुणाचंच नाही. तेच तर म्हणतोय मी."

"मग झाला तर कुणाचं बिघडतं? बत्तीस होऊ देत, नाहीतर बावन्न. ज्याला बघायचा नाही, त्याने बघू नये. पोरांना महिनाभर सराव मिळतो, एक प्रवास होतो. सगळ्यांत वर कोण ते ठरवायला मोठे सामने आहेतच की."

"तसं नाही, चारुदत्त. चांगल्या गोष्टीत पाणी घातलं की पाणीच उरतं. यांच्यासारख्या सहा-सहावाल्या टीमना बोलवायचा नियम याच वर्षी सैल केलाय. का? तर सामने वाढवून ठेवलेत, आणि टीम कमी पडायला नकोत. असल्या आमंत्रणाला कोण धावत सुटतं?"

"ही इज राइट, काका," सानिका थालीपिठाचा तुकडा मोडत म्हणाली. "इट्स लाइक माय डबा."

चारुदत्त हसला आणि गप्प झाला. श्रीपादला चेव आला. समोरचा गप्प झाला की त्याला नेहमी वाटायचं आपण जिंकलो, आणि इथेच त्याची जीभ सैल सुटली.

"शेवटी काय, हरलेल्यांचीच मॅच ती. त्यासाठी कुणी घर सोडतं का?"

आसावरीचा हात ताटातच थांबला.

"काय म्हणालास?"

"हरलेल्यांची मॅच."

"हेच म्हणाला होतास तू. अगदी हेच. रत्नागिरीच्या एसटी स्टँडवर."

श्रीपादला आठवेना. वीणालाही हे नवीन होतं. पंचवीस वर्षांच्या संसारात सासरच्या, आठल्यांच्या घरातली सगळी जुनी भांडणं आपल्याला तोंडपाठ झालीत, असा तिचा समज होता.

"आठवीत होते मी," आसावरी म्हणाली. "खो-खोची टीम सांगलीला निघाली होती. उपान्त्य सामना हरलो होतो, तिसऱ्या नंबरासाठी खेळायचं होतं. त्याच दिवशी मधुकाकांच्या मुलाची मुंज. अण्णांनी तुला पाठवलं मला आणायला. मी गाडीत खिडकीशी बसले होते, दादा. तू खिडकीखाली उभा राहून म्हणालास, चल उतर, हरलेल्यांचीच मॅच आहे. सगळ्या मुलींच्या देखत. आणि मी उतरले."

"अगं, अण्णांनी सांगितलं होतं…"

"उतर असं अण्णांनी सांगितलं असेल. हरलेल्यांची हे तुझं. मुंजीत मी पंगतीत मीठ वाढत होते. आमच्या टीमने तिसरा नंबर काढला, आणि त्या फोटोत मी नाही. तो फोटो अजून शाळेत आहे."

श्रीपाद चष्मा काढून पुसू लागला. चूक समोर दिसली की तो चष्मा पुसायचा, कबूल करायला त्याला नंतर बराच वेळ लागायचा. आसावरी पाणी प्यायली आणि तिने एका दमात बाजू बदलली.

"जाऊ दे त्याला. मी काय म्हणते, वहिनी, जाऊ दे."

वीणाला वाटलं, तुला म्हणायला काय जातंय?

"एक मिनिट," चारुदत्त आता पुढे सरकला. बायकोच फितूर झाल्यावर त्याला धीर आला होता. "दोन्ही जमतंय का बघू ना. त्याचा परतीचा व्हिसा कधीपर्यंत आहे?"

खरा अडसर हाच होता, आणि तो घरात सगळ्यांना ठाऊक होता. राजसचा इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, श्रीपादच्या नावावर होता. बाहेर जाताना जो एक्झिट-रीएंट्रीचा शिक्का मिळतो, त्याच्या मुदतीत माणूस परत शिरला नाही, तर इकामा गेला. आणि अठरा ओलांडलेल्या मुलाला नव्याने फॅमिली व्हिसा मिळत नाही. म्हणजे मुदत चुकली, तर राजसला दम्माममध्ये राहायला म्हणून पुन्हा येता येणार नव्हतं. याच शहरात तो जन्मला, याच फ्लॅटमध्ये रांगायला लागला. पण कागदावर तो बापाच्या नावापुढची एक ओळ होता, आणि ओळ खोडली की संपलं.

"दोन जानेवारी," श्रीपाद म्हणाला. त्याला पाहावंही लागलं नाही. फ्रिजवरच्या कॅलेंडरवर त्याने दोन तारखेला लाल गोल काढून ठेवला होता. "दोन जुलैला गेला, सहा महिने."

"मग झालं की! अठ्ठावीसला दुपारी सामना. एकोणतीसला सकाळी विमान, एकतीसला इथे. दोन दिवस हातात. तुमचाही मान राहिला, त्याचाही."

श्रीपादने आकडे मनात फिरवले. "दोन दिवसांचा फ्लोट आहे," तो नाराजीने म्हणाला. पण ऑफिसात तो हाताशी राखलेल्या अशा दोन दिवसांवर मोठमोठी कामं तडीला नेत होता. "बर्फ पडलं आणि विमानं अडकली तर…"

"दादा!"

"बरं बाबा, बरं. जाऊ दे."

घोडं गंगेत न्हालं. सानिकाने "अनबिलीव्हेबल" म्हणून डोळे फिरवले. तिच्या मते हे सगळे मोठे लोक सरड्यासारखे रंग बदलत होते. वीणाला मात्र छातीवरचा दगड उतरल्यासारखं वाटलं. बावीसऐवजी एकतीस. नऊ दिवस गेले, पण पोरगा येणार होता, आणि 'येऊ नकोस' किंवा 'येच' यांतलं काहीही तिला तोंडाने म्हणावं लागणार नव्हतं. खतीजाशी बोलून सुट्टी पुढे सरकवता येईल. ईदच्या सुट्टीत सगळे एकत्र. आंबोळ्यांचं पीठ तीसलाच भिजवायचं.

"वहिनी, पासपोर्टची झेरॉक्स असेल तर द्या," चारुदत्त म्हणाला. "इथला तो तिकीटवाला अरविंद माझ्या ओळखीचा आहे. नंबर देऊन ठेवतो, सोमवारपर्यंत तिकीट बदलून देईल."

वीणा उठली. घरातली कागदपत्रं श्रीपादच्या ताब्यात असायची, पण फाईल कुठे असते ते तिलाच ठाऊक असायचं. तिने कपाटातून निळी फाईल काढली. राजसच्या पासपोर्टच्या झेरॉक्सा वर होत्या. दुसऱ्या पानावर रीएंट्रीचा शिक्का, त्यात पेनाने लिहिलेले अरबी आकडे. सहा, बारा, चौदाशे सत्तावीस.

तिने ते वाचलं आणि पान हातात घेऊन ती तशीच उभी राहिली.

या घरात दोन कॅलेंडरं चालायची. श्रीपादची कंपनी इंग्रजी महिन्यांवर, वीणाचं सरकारी हॉस्पिटल हिजरी महिन्यांवर. तिचा पगार चांद्र महिन्याचा, तिच्या रजेचे अर्ज त्याच तारखांचे, रक्ताच्या नमुन्यांवर रोज दोनशे वेळा तीच तारीख पडायची. तिला मोजायला लागलं नाही. आज सतरा जिल्काद. जिल्हिज, म्हणजे बारावा महिना, सुरू व्हायला तेरा दिवस. जिल्हिजच्या दहाला ईद, म्हणजे डिसेंबरच्या तीसला. मग सहा जिल्हिज म्हणजे सव्वीस डिसेंबर.

व्हिसा सहा महिन्यांचाच होता. पण चंद्राच्या सहा महिन्यांचा.

आधी तिला जो आनंद झाला, त्याची तिला पुढे कित्येक दिवस लाज वाटत राहिली. कारण क्षणभर तिच्या मनात आलं, सुटले! आता त्याला यावंच लागेल. माझ्यामुळे नाही, कुणामुळेच नाही, शिक्क्यामुळे. विसाचं तिकीट आहेच. मग तिने बैठकीत जाऊन कागद श्रीपादपुढे ठेवला.

"अहो, हे सव्वीस डिसेंबर आहे."

"काय?"

"सहा जिल्हिज. सव्वीस डिसेंबर. दोन जानेवारी नाही."

श्रीपादने कागद दिव्याखाली धरला, दूर धरला, पुन्हा जवळ आणला. दम्माममधली निम्मी मराठी माणसं कागदपत्रांचं अडलं की या माणसाला फोन करायची. हिजरी वर्ष अकरा दिवसांनी लहान असतं, हे त्याने नवख्या पोरांना जेवणाच्या टेबलावर संत्र्याच्या फोडी मांडून शिकवलं होतं. आणि स्वतःच्या मुलाच्या वेळी त्याने शिक्का वाचलाच नव्हता. बोटांवर सहा महिने मोजले होते आणि लाल गोल काढून ठेवला होता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

"वाढवून नाही का मिळत?" आसावरीने हळूच विचारलं.

"मिळतं. कंपनीचं पत्र, मग मंत्रालय, मग तिकडे वकिलातीत पासपोर्ट पाठवायचा." श्रीपादचा आवाज खाली गेला होता. "आता हजची गर्दी. कार्यालयं बंद व्हायला आलीत. ईदच्या आत होणार नाही. मी प्रयत्न करीन, पण होणार नाही." मग तो वीणाकडे वळला. "माझी चूक आहे ही. मी पाहायला हवं होतं."

पंचवीस वर्षांत चष्मा न पुसता त्याने चूक कबूल केल्याचं वीणाला आठवत नव्हतं. तिला त्याची दया आली.

फोन वाजला. सात वाजले होते. राजसकडे सकाळचे दहा.

श्रीपादने स्पीकर लावला आणि काही न लपवता सगळं सांगितलं. सामना अठ्ठावीस. शिक्का सव्वीस. चूक माझी. पलीकडे कुणीतरी दाणदाण ढोल वाजवत होतं, मग दार लागल्याचा आवाज आला आणि ढोल लांब गेला.

"ओके," राजस म्हणाला. "ओके. मग मी येतो. सिंपल आहे."

"राजस…"

"नाही, बाबा, रिअली. मी विचार केला रात्री. तुम्ही म्हणता ते करेक्टच आहे. थर्टी टू बाउल्स आहेत. फार झाले. आमच्याकडे पण सगळे जोक करतात, म्हणतात, टीम रस्त्यात दिसली तरी इन्व्हाइट करतील. सिक्स-सिक्सला काय अर्थ आहे? वी लॉस्ट टू एव्हरीबडी गुड. टीव्हीवर पण कुणी बघणार नाही. एक सुझाफोन कमी असला, तर कुणाला कळणारसुद्धा नाही. आमचे आठ आहेत."

तो भराभर बोलत होता. लहानपणी इंजेक्शन घेताना तो असाच बोलायचा, दुखत नाही, अजिबात दुखत नाही, आणि डोळे गच्च मिटलेले. वीणाला ते ऐकवेना. काल याच मुलाने तिला न्हाव्याच्या दुकानाची गोष्ट सांगितली होती. आज ती सगळी गंमत तो स्वतःच्या हाताने पायदळी तुडवत होता, तिला जड जाऊ नये म्हणून.

"बत्तीस आहेत हे मला सांगू नकोस," श्रीपाद एकदम म्हणाला. "मीच सांगितलं ते तुला. बत्तीस असतील. तुझ्या कॉलेजचा एकच आहे ना?"

आसावरीने भावाकडे चमकून पाहिलं. सानिकासुद्धा खायची थांबली.

"बाबा, पण इकामा…"

"इकामा मी बघीन."

"तुम्हीच म्हणालात होणार नाही."

"होणार नाही," श्रीपाद म्हणाला.

मग सगळे वीणाकडे पाहू लागले. तिला त्यांचा राग आला. भांडताना प्रत्येकाला मत होतं. चारुदत्तला होतं, आसावरीला दोन होती, श्रीपादला तर संध्याकाळपासून तीन झाली होती. आणि आता आईने बोलायचं. तिने स्पीकर बंद केला आणि रिसीव्हर उचलून कानाला लावला.

"राजस, मी बोलतेय. तू जा टेक्ससला."

"आई, तुला चालेल ना खरंच?"

"नाही चालणार. मला अजिबात चालणार नाही. मी आज रडणार आहे आणि बावीस तारखेला पुन्हा रडणार आहे. पण तू इथे येशील आणि अठ्ठावीसला त्या सोफ्यावर बसून घड्याळ बघशील, ते मला त्याहून चालणार नाही. कळलं? आठांपैकी एक कमी असला तर कळत नाही म्हणे! ज्याचं त्याला कळतं."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. "हो," एवढंच तो म्हणाला.

वीणाने डोळे पुसले. रडायचं असलं, तरी काम उरकून रडायचं, ही तिची रीत. "आता ऐक. तुला इथे येता येणार नाही, तर तुझ्या खोलीतलं काय काय पाठवायचं ते सांग. मी लिहून घेते." तिने सानिकाची वही ओढली, कोरं पान काढलं. दोन खोकी तरी लागतील, असा तिचा हिशेब होता. त्याची खोली ती दर गुरुवारी झाडून घ्यायची, एक वस्तू इकडची तिकडे केलेली नव्हती.

राजसने विचार केला. "बर्थ सर्टिफिकेट. ओरिजिनल. आणि लसींचं कार्ड, ते पुढे लागेल."

तिने लिहिलं. "पुढे?"

"बस."

"बस काय? तुझी बॅट आहे. शाळेच्या ट्रॉफ्या आहेत सगळ्या. ती चाकांची पेटी, तो नकाशा…"

"देऊन टाक ना, आई. ज्याला हवं त्याला दे." त्याच्या आवाजात दुःख नव्हतं, मऊपणा होता. आणि तोच तिला लागला. "मला तेव्हाच वाटलं होतं, आता इथे राहायला म्हणून मी काही परत येणार नाही. आलो तरी पाहुणा. म्हणून जुलैमध्ये निघायच्या आधी मी सगळं एकदा नीट बघून घेतलं होतं. खोली, गच्ची, खालचं बकालाचं दुकान, सगळं."

वीणाने वहीकडे पाहिलं. दोन ओळी झाल्या होत्या. आपण एवढा जीव मुठीत धरून जे दार बंद केलं, त्यातून हा पाच महिन्यांपूर्वीच बाहेर पडला होता, आणि निघताना त्याने आवाजही होऊ दिला नव्हता.

"आणि मला?" तिने विचारलं. "मला घेतलंस का रे बघून?"

"तू राहिलीस," राजस म्हणाला. "तू ड्यूटीवर होतीस."

वीणा रडली. सासरच्या माणसांसमोर, पोरीसमोर, रिसीव्हर दोन्ही हातांनी धरून ती मोठ्याने रडली. आणि रडता रडताच तिने वहीचं पान उलटलं, पेन सरळ केलं आणि त्याला विचारलं, की अमेरिकेच्या व्हिसाला नेमके कुठले कुठले कागद लागतात.